चित्रा : राशिचक्राचा खुंटा

कन्या राशीतील सर्वांत तेजस्वी तारा चित्रा हा भारतीय कालगणनेत राशीहून जुना आहे. नक्षत्रांची, म्हणजे चंद्रमार्गावरील २७ टप्प्यांची, यादी वैदिक वाङ्मयात सापडते, तर बारा राशी ग्रीक संपर्कातून पुढे आल्या. ज्या महिन्याची पौर्णिमा चित्रेच्या आसपास होते तो चैत्र. ग्रीकांनी मात्र या ताऱ्यात कन्येच्या हातातील धान्याचे कणीस पाहिले, आणि त्याच अर्थाचे ‘स्पायका’ हे लॅटिन नाव रूढ झाले.

इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात हिपार्कसने चित्रेचे स्थान सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या टिमोकॅरिसच्या वेधांशी ताडून पाहिले, तेव्हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान करणारा वसंतातील बिंदू, ताऱ्यांमधून मागे सरकतो हे उघड झाले. ही गती सुमारे ७२ वर्षांत एक अंश एवढी आहे. संपात आणि स्थिर राशिचक्राचा आरंभ यांतील अंतरास अयनांश म्हणतात. पण तो आरंभ कोठे धरावा, यावरच महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांचा वाद पेटला. सूर्यसिद्धान्त चित्रेला १८० अंशांवर आणि रेवतीच्या योगताऱ्याला, म्हणजे त्या नक्षत्राच्या खुणेच्या ताऱ्याला, आरंभबिंदूच्या अगदी जवळ ठेवतो. आकाशात मात्र दोन्ही एकदम साधत नाहीत, सुमारे चार अंशांचा फरक उरतो. लोकमान्य टिळकांच्या नावाने चालणाऱ्या पंचांगाने मीन राशीतील रेवतीचा योगतारा प्रमाण मानला, तर पेशाने शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) चित्रापक्षाचे पुरस्कर्ते ठरले. चार अंश चालण्यास सूर्याला सुमारे चार दिवस लागतात, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि इतरांची १४ किंवा १५ जानेवारीस. अधिक महिनाही एखाद्या वर्षी वेगळा पडतो, मग सणांत महिन्याचे अंतर! मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५च्या अहवालात स्वीकारलेले अयनांशही चित्रापक्षाशी जुळणारे आहेत.

शास्त्रार्थापेक्षा वेधाच्या सोयीने हा निवाडा झाला असे मानणे अधिक रास्त आहे. रेवतीचा योगतारा पाचव्या प्रतीचा, जेमतेम दिसणारा आहे, आणि चित्रा पहिल्या प्रतीची. एप्रिलच्या मध्यास मध्यरात्री कोल्हापूर जिल्ह्यातील कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आकाशात चित्रा दक्षिणेकडे सुमारे ६२ अंश उंचीवर येते, आणि कारखान्यांच्या दिव्यांतूनही डोळ्यांना दिसते.