एकाच वेळी हजारो लोक आले की सर्व्हर काय करतो? 'रेस कंडिशन' म्हणजे नेमकं काय?

सकाळी 10 वाजता एसी डब्यांचं तत्काळ बुकिंग सुरू होतं आणि देशभरातले लोक एकदम बटण दाबतात. समजा, शेवटचं एकच तिकीट उरलंय आणि दोघांची मागणी एकाच क्षणी पोहोचली. सर्व्हरने चुकून दोघांनाही ते दिलं तर?

अनेक कामं एकाच काळात सुरू ठेवण्याच्या तंत्राला 'कॉन्करन्सी' म्हणतात. सर्व्हर, डेटाबेस अशी पायाभूत सॉफ्टवेअर लिहायला, म्हणजे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग शिकायला निघालेल्यांसाठी हा सगळ्यात अवघड टप्प्यांपैकी एक आहे.

दोन कॉम्प्युटर बोलतात कसे?

'सॉकेट'मधून. 1983 मध्ये '4.2 बीएसडी' या युनिक्समधून आलेली ही पद्धत आजही वापरात आहे. सर्व्हर सॉकेट उघडतो, त्याला पोर्ट नंबर देतो आणि येणारी कनेक्शन स्वीकारतो.

नवशिके इथेच एक चूक करतात. टीसीपीवरून पाठवलेला मेसेज समोर एकाच तुकड्यात मिळेल, असं ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात बाइट्स क्रमाने येतात, पण मेसेज कुठे संपला ते प्रोग्रॅमलाच ओळखावं लागतं.

गर्दी झाली तर?

अगदी साधा सर्व्हर एकाचं काम संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवतो. प्रत्येकासाठी वेगळा 'थ्रेड' सुरू केला की हा प्रश्न सुटतो, पण हजारो थ्रेड मेमरी आणि प्रोसेसरवर ताण आणतात. एका सर्व्हरने एकाच वेळी 10 हजार कनेक्शन कशी सांभाळायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी 1999 मध्ये मांडला. तो 'सीटेनके' नावाने ओळखला जातो.

2004 मध्ये इगोर सिसोएव यांनी खुला केलेला 'एनजिनएक्स' हे त्याचं एक उत्तर. हॉटेलातला वेटर एकाच टेबलापाशी ताटकळत नाही, हाक येईल तिकडे जातो. एनजिनएक्सची एकेक प्रोसेस अशीच हजारो कनेक्शन सांभाळते.

मग धोका कुठे आहे?

एका प्रोग्रॅममधले थ्रेड एकच मेमरी वापरतात. पहिला थ्रेड '1 तिकीट शिल्लक' असं वाचतो. तो आकडा शून्य करण्याआधीच दुसराही '1' वाचतो. दोघांनाही तिकीट मिळतं. निकाल असा वेळेच्या योगायोगावर अवलंबून राहिला, की त्याला 'रेस कंडिशन' म्हणतात.

तिकिटाचा घोळ निस्तरता येतो. 'थेरॅक-25' या कॅन्सरवरच्या रेडिएशन मशीनचं तसं नव्हतं. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर रेडिएशन मिळालं, काहींचा जीव गेला. काही घटनांमागे रेस कंडिशन होती. ऑपरेटरने चुकलेली नोंद काही सेकंदांत दुरुस्त केली, की सॉफ्टवेअरच्या एका भागाला तो बदल कळतच नसे. आधीच्या मॉडेलमधली हार्डवेअरची सुरक्षाव्यवस्था या मशीनमध्ये काढून टाकली होती. कंपनीला सुरुवातीला हा दोष घडवून दाखवता आला नाही. शेवटी टेक्सासमधल्या एका रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने पुन्हा पुन्हा भराभर टाइप करून तो पकडला.

उपाय काय?

'म्युटेक्स' हे कुलूप लावलं की सामायिक माहितीला एका वेळी एकच थ्रेड हात लावू शकतो. पण दोन थ्रेड एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसले तर 'डेडलॉक' होतो. 2015 मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली 'रस्ट' भाषा, एकाच मेमरीवर अशी बेशिस्त झटापट होऊ शकणारा कोड कंपाइलच होऊ देत नाही. डेडलॉक मात्र तिथेही होऊ शकतो. गूगलच्या 'गो' भाषेत रेस शोधणारं साधन सोबतच मिळतं.

शिकायचं कसं?

छोटा चॅट सर्व्हर लिहून. आधी एक ग्राहक, मग थ्रेड वापरून अनेक, मग मुद्दाम कुलूप काढून काय बिघडतं ते बघणं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. असा प्रोग्रॅम हजार वेळा नीट चालला, तरी तो बरोबर आहे हे सिद्ध होत नाही.