दाबव्रण (अतिदक्षता विभागातील बालकांचे)

एकाच जागी बराच वेळ दाब पडल्याने त्वचा व तिच्याखालील ऊतींना होणारी इजा, बोलण्यात ‘बेडसोअर’. दाबाखाली केशवाहिन्या मिटतात आणि ऊतींचा रक्तपुरवठा तुटतो. गुंगीची औषधे, खालावलेला रक्तदाब, सूज व ओलसर त्वचा यांनी धोका वाढतो.

प्रौढांत हे व्रण मुख्यतः माकडहाड व टाचांवर होतात. तान्ह्या मुलाचे डोके मात्र शरीराच्या मानाने मोठे व जड असते, त्यामुळे उताणे निजलेल्या बाळाच्या डोक्याची मागची बाजू आधी दुखावते. बालकांतील व्रणांचा मोठा वाटा तर गादीचा नसून उपकरणांचा असतो : श्वसनाच्या मास्कखाली नाकाचा दांडा, नळीच्या टोकांनी नाकपुड्यांमधला पडदा, ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबखालचे बोट, ट्रॅकिऑस्टॉमीच्या पट्टीखालची मान. कूस बदलण्याची वेळ नोंदवून मास्क न उचलणारी शुश्रूषा म्हणूनच अपुरी ठरते.

दाबव्रणाचा धोका मोजणाऱ्या, प्रौढांसाठीच्या ब्रेडन मापनश्रेणीवरून (१९८७) क्विग्ली व कर्ली यांनी १९९६ मध्ये बालकांसाठी ‘ब्रेडन क्यू’ तयार केली. २०१८ च्या ‘ब्रेडन क्यूडी’त उपकरणांची संख्याही मोजली जाते. ‘ब्रेडन क्यू’त कमी गुण म्हणजे जास्त धोका, ‘क्यूडी’त जास्त गुण म्हणजे जास्त धोका. वॉर्डात श्रेणी बदलताना याचा घोळ होऊ शकतो.

प्रतिबंधासाठी साधारणपणे दर दोन तासांनी कूस व डोक्याची दिशा बदलतात, टाचा अधांतरी ठेवतात, प्रोबची जागा फिरवतात आणि मास्कखाली सिलिकॉन फोमची पातळ पट्टी लावतात. उपकरण सैल करून खालची त्वचा दिवसातून निदान दोनदा पाहावी लागते. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तेव्हा आजूबाजूच्या त्वचेशी ताडून तेथील उष्णता व कडकपणा हाताने चाचपावा. लंगोट ओला राहू नये. प्रथिने व उष्मांक पुरेसे मिळावेत.

काही घरगुती वळणाचे उपाय अजून टिकून आहेत, पण ते टाळावेत. हाडाच्या उंचवट्यावर चोळल्याने आतल्या ऊती अधिक फाटतात. मध्ये भोक असलेल्या गोल उशीने दाब कडेला साचतो. टाचेखाली पाणी भरलेला हातमोजाही मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध आहे.

कूस बदलताच रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरणाऱ्या मुलाला पूर्ण वळवत नाहीत. त्याचे डोके, खांदा वा कंबर थोडीथोडी उचलून दाबाचा बिंदू सरकवतात. यासाठी बहुधा दोघे लागतात. श्वासनळीतील नळी धरायला एकजण राखून ठेवावा लागतो.