नागपूरकर भोसले घराण्यातील ‘रघूजी’ हे नाव

नागपूरकर भोसले घराण्यात ‘रघूजी’ या नावाचे तीन राजे झाले. पहिल्या रघूजींनी १७५१ मध्ये अलीवर्दीखानाशी तह करून ओरिसावर अंमल बसविला. दुसऱ्यांनी १८०३ च्या देवगावच्या तहात कटक व वऱ्हाड गमावले. तिसऱ्यांचे मूळ नाव बाजीबा. ते दुसऱ्या रघूजींचे दौहित्र. १८१८ मध्ये दत्तविधान होऊन त्यांना ‘रघूजी’ हे नाव देण्यात आले. नाव हीच वारशाची खूण ठरली आणि कंपनीने ती मान्य केली, हे विशेष. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले. राजस्त्रियांनी यशवंतरावांना दत्तक घेऊन त्यांचे ‘जानोजी’ असे नामकरण केले. रीत तीच होती. तथापि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८५७ नंतर जानोजींना ‘देऊरचे राजेबहाद्दर’ ही पदवी मिळाली. तीत नागपूरचा उल्लेख नव्हता.