न्हावा शेवा : दोन गावांचे बंदर

आपल्या इंडियन ग्रोसरीतली लोणची, पापड, दिवाळीच्या पणत्या ज्या कंटेनरमधून येतात, त्याच्या कागदपत्रांवर बहुधा 'न्हावा शेवा' लिहिलेले असते. बंदराचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर. पण जहाजवाल्यांच्या तोंडी आजही न्हावा शेवाच. ही मुंबईसमोरच्या किनाऱ्यावरच्या दोन गावांची नावे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

मुंबईत १८७५ मध्ये ससून डॉक झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. जहाजे मोठी झाली की गोदीही मोठी बांधायची, असा हा क्रम. इंदिरा डॉकच्या दरवाज्याची रुंदी १०० फूट. त्या काळी ती ऐसपैस होती. पण १९५६ नंतर कंटेनर आले आणि हळूहळू जहाजे त्या दरवाज्यात मावेनाशी झाली. कंटेनर रचायला मोकळी जागाही लागते. गोदीच्या पाठीला तर शहर येऊन टेकलेले!

म्हणून समोरच्या किनाऱ्यावर नवे बंदर उभे राहिले आणि १९८९ मध्ये सुरू झाले. जहाजांसाठी समुद्रतळ पुन्हा पुन्हा उपसून मार्ग खोल केला गेला. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत आज त्याची गणना होते.

ही झाली एक बाजू. या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरे होती, मासेमारी होती. नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. शेवा कोळीवाडा मात्र मूळ जागेवरून उठला तो उठलाच.

हा इतिहास आज आठवायचे कारण म्हणजे वाढवण. अजून मोठ्या जहाजांसाठी पालघर जिल्ह्यातल्या या बंदराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली; खर्च ७६ हजार कोटींच्या वर. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. बंदरे लागतातच, त्यांच्यावाचून आपली ग्रोसरीही चालायची नाही. पण ज्यांचा किनारा जातो त्यांचा हिशेब आधी व्हावा, गोळीबारानंतर नव्हे. न्हावा शेवाने शिकवलेला धडा एवढाच.