तळटीप : १८०९चा बेपत्ता ज्वालामुखी

* १८०९नंतरच्या थंड दशकाचे सारे खापर लेखक १८१५च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकावर फोडतात. ते अर्धेच खरे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका, दोन्हीकडच्या हिमगाभ्यांत १८०९च्या एका उद्रेकाचे सल्फेट सापडते. तो ज्वालामुखी कोणता, हे अजून ठरलेले नाही. मात्र त्याचा वायू किती उंच गेला, ते गंधकाची समस्थानिके सांगतात. स्थितांबरातल्या ओझोन थराच्या वर पोहोचलेल्या सल्फर डायऑक्साइडवर सूर्याचे तीव्र अतिनील किरण पडतात आणि गंधक-३३चे प्रमाण वस्तुमानाच्या हिशेबात बसेनासे होते. ओझोनच्या आडोशाला, खाली, असे घडत नाही. १८०९च्या बर्फात ही विसंगती आहे. म्हणजे वायू थेट स्थितांबरात गेला होता. — संपा.