पाय कापून पुरलेली माणसं आणि आपला "विश्वास" : इनामगावचा ३००० वर्षांपूर्वीचा हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, कारण विषय आपल्याच मातीतला आहे.

सध्या मोबाईल उघडला की दर तिसऱ्या रीलमध्ये कुणीतरी कोट घालून सांगत असतं, "विचार बदला, आयुष्य बदलेल. मनापासून मागा, मिळेल." शिरूर-दौंडकडची आपली पोरं पैसे भरून असल्या शिबिरांना जातात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी जातात, रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करणारी जातात, शेतीत दोन वर्षं मार खाल्लेलीही जातात. मनातल्या समजुतीने माणसाचं आयुष्य घडतं का? माझं उत्तर आहे, हो, घडतं. पण रीलवाले सांगतात तसं नाही. कसं घडतं ते पाहायला परदेशातल्या पुस्तकांकडे जायची गरज नाही. घोड नदीच्या काठावर आपल्या इनामगावातच त्याचा पुरावा सापडला आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. या माणसांनी वर्षानुवर्षं इथे हंगामामागून हंगाम काढले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष आणि दोनशेहून अधिक दफनं त्यांनी उजेडात आणली. महाराष्ट्रातला पहिला शेतकरी कसा राहत होता, काय खात होता, कशाला भीत होता, हे आज जगाला माहीत आहे त्यात मोठा वाटा इनामगावचा आहे. जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव आहे आणि आपल्याच शाळेतल्या किती पोरांना ते माहीत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

वस्तीचा काळ साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७००. म्हणजे नऊशे वर्षं. अभ्यासक त्याचे तीन टप्पे करतात. पहिला माळवा संस्कृतीचा, १६०० ते १४००. दुसरा पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. तिसरा उत्तर जोर्वे, १००० ते ७००. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलं, कारण तशी लाल रंगावर काळी नक्षी काढलेली भांडी आधी तिथे ओळखली गेली.

यातला मधला टप्पा भरभराटीचा. चौकोनी, ऐसपैस घरं, कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, वर गवताचं छप्पर, आत चूल, धान्य ठेवायला जमिनीत खणलेली पेवं. घरांच्या ओळी आणि मधून बोळ. बऱ्या परिस्थितीतले शेतकरी वस्तीच्या मध्यभागी; कुंभार, सोनार, चुना भाजणारे पश्चिमेच्या कडेला. गावाच्या मध्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. अभ्यासकांनी ते गावच्या प्रमुखाचं मानलं. जव, गहू, मसूर, कुळीथ ही पिकं. म्हणजे बरीचशी रब्बीची, थंडीतली.

आता शेतकऱ्याच्या डोक्याने विचार करा. आपल्याकडे पाऊस बेताचा. पावसाळा संपल्यावर गहू काढायचा म्हणजे पाणी पाहिजे. या माणसांकडे लोखंड नव्हतं. दगडाची पाती, थोडंफार तांबं, लाकडी अवजारं, एवढंच. तरी त्यांनी वस्तीच्या बाजूला पाट खणला, त्याला दगडमातीचा बांध घातला आणि घोड नदीच्या पुराचं पाणी वळवलं. महाराष्ट्रातल्या पाटपाण्याच्या सगळ्यात जुन्या कामांपैकी हे एक.

इथे थोडं थांबूया. लोखंडाशिवाय एवढा पाट खणायला एक-दोन घरं पुरणार नाहीत. "आपण खणलं तर पाणी येईल, आणि आलेलं पाणी वाटून घेता येईल" ही समजूत सगळ्या गावाची असल्याशिवाय पहिली टोपलीसुद्धा उचलली जात नाही. विश्वास म्हणतात तो हा. त्या लोकांनी पाण्याची कल्पना करत डोळे मिटून बसायचं ठरवलं असतं, तर ढवळीकरांना तिथे पाट सापडला नसता.

आल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं. "हे मला जमेल" अशी खात्री ज्याला असते तो जास्त धडपडतो आणि अडचण आली तरी लवकर सोडत नाही. पण ही खात्री येते कुठून? बंडुरा म्हणतो, सगळ्यात भक्कम खात्री स्वतः काम करून दाखवल्यातून येते. त्याखालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला ते करताना पाहिल्यातून. कुणी नुसतं तोंडाने "तुला जमेल" म्हटलं तर त्याचा परिणाम यापेक्षा कमी. शिबिरवाले विकतात ती नेमकी ही कमी ताकदीची गोष्ट, आणि तीच सगळ्यात महाग.

आता समजुतीची दुसरी बाजू बघा, कारण तीही आपल्याच गावात सापडली आहे.

इनामगावचे लोक मेलेल्या माणसाला गावाबाहेर नेत नसत. राहत्या घरातच, जमिनीखाली, डोकं उत्तरेला करून पुरत. लहान मूल गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात त्याला निजवत. मोठ्या माणसाला खड्ड्यात सरळ ठेवत, पण घोट्याखालचे पाय कापून. का? लिहून ठेवलेलं काही नाही, त्यामुळे अभ्यासकांनी अंदाज बांधला, की मेलेल्याने भूत होऊन निघून जाऊ नये, तो घरातच, आपल्याजवळच राहावा.

एक माणूस मात्र वेगळा निघाला. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा मोठा रांजण सापडला. त्यात मांडी घालून बसवलेला, चाळिशीच्या आसपासचा पुरुष होता. त्याचे पाय शाबूत होते. म्हणजे नियम सगळ्यांना, मोठ्या माणसाला सूट! तीन हजार वर्षांत यात किती बदल झाला ते तुम्हीच ठरवा.

आणि एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी मिळाली. तिच्याबरोबर कच्च्या मातीची, बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की देवी बैलावर बसते. पाट खणणारी माणसं देवीलाही जमिनीत जपून ठेवत होती. श्रद्धा आणि कष्ट यांत त्यांना भांडण दिसलं नाही. आपल्या आजीलाही दिसत नव्हतं. ती वाफशावर पेरायची आणि पेरण्याआधी पाभरीला कुंकू लावायची.

मग इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास दिवस फिरले. ढवळीकरांचं म्हणणं होतं की हवामान कोरडं होत गेलं. सगळ्या अभ्यासकांना हे कारण तसंच्या तसं मान्य नाही, पण बदल मात्र जमिनीत स्पष्ट दिसतो. मोठी चौकोनी घरं गेली, छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. हरणाची शिकार आणि जनावरं पाळणं यांवरची भिस्त वाढली. याच सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातल्या नेवासे, दायमाबादसारख्या वस्त्या ओस पडल्या.

इनामगाव मात्र ओस पडलं नाही. आणखी जवळजवळ तीनशे वर्षं लोक इथेच टिकून राहिले.

का राहिले? पाय कापून पूर्वजांना घरात ठेवणारी माणसं घर सोडून सहज जात नाहीत, असं म्हणायचा मोह होतो. पण केवळ श्रद्धेने तीनशे वर्षं पोट भरत नाही. घोडेचा आधार होता आणि माणसांनी आपली राहणी, आपलं खाणं बदललं. श्रद्धा तीच ठेवून सवयी बदलल्या, म्हणून टिकले, असं मला वाटतं.

याची किंमतही मोजली गेली, आणि ती लहान मुलांनी मोजली. इथल्या सांगाड्यांचा अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि आपले डॉ. सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या संशोधक बाईंनी लहान मुलांच्या हाडांवर काम केलं, २०११ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा निष्कर्ष असा, की शेवटच्या टप्प्यातल्या मुलांच्या शरीरावर ताण जास्त होता, वाढ खुंटत होती. मोठ्यांनी "इथेच राहायचं" ठरवलं आणि त्याचा भार पोरांच्या हाडांवर पडला. दोन मडक्यांत निजवलेली ती लेकरं आठवा. समजूत गावाला धरून ठेवते, हे खरं. वेळेवर तपासली नाही तर तीच समजूत गावाला खातेही.

शेवटी इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास ती वस्ती उठली.

आता आजचं बोलू. आपल्या मनात जमिनीखाली काय काय पुरून ठेवलंय?

"ऊस म्हणजेच शेती, बाकी सगळा टाईमपास." "सरकारी नोकरी लागली तरच आयुष्य, नाहीतर वाया." "पोरीला जास्त शिकवून काय करायचं?" "बोअरला पाणी नाही लागलं तर अजून दोनशे फूट खाली जा." "गावात काही होणार नाही, पुण्याला जा." ह्या सगळ्या समजुतीच आहेत. कुणी लिहून दिलेल्या नाहीत, पण आपलं आयुष्य त्यांच्यावरच चाललंय. परीक्षेचं वय उलटून गेलेला पोरगा घरी परत यायला लाजतो, तेव्हा त्याचे पाय कुणीतरी आधीच कापलेले असतात. फरक एवढाच, की पूर्वी मेल्यावर कापत होते.

समजूत बदलून गाव बदलल्याचं उदाहरण लांब नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. १९९० च्या आसपास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा तेही दुष्काळीच गाव होतं, लोक बाहेर पडत होते. तिथे नुसतं "आपण करू शकतो" म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत. ओढ्या-डोंगरावर कामं केली, श्रमदान केलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, जास्त पाणी पिणारी पिकं टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवली. विश्वास आला तो विहिरीत पाणी दिसल्यावर. मग त्या विश्वासावर पुढचं काम झालं. आधी लहान काम, त्यातून खात्री, त्यातून मोठं काम. बंडुराने पुस्तकात लिहिलं, हिवरे बाजारने करून दाखवलं, आणि इनामगावचा पाट त्याच वाटेने झाला असणार.

आपल्याला चिंचणीचं घोड धरण आहे, कालवे आहेत. त्या माणसांकडे लोखंडी पहारसुद्धा नव्हती. तरी "आमच्या नशिबात पाणीच नाही" हे वाक्य आपण म्हणतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. एक, शाळांनी एकदा पोरांना पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवावं. आपल्या गावातून निघालेल्या वस्तू तिथे आहेत. आपल्यासारख्याच माणसांनी काय केलं ते पाहून पोरांना जी खात्री येईल, ती कुठल्या शिबिरात मिळणार नाही. दोन, पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद हा एकच विषय घेऊन बसू. किती पाऊस पडला, किती पाणी आहे, किती उसाला जातं, प्यायला किती उरतं. आकडे फळ्यावर लिहू. भांडण होईल, होऊ द्या. पाट खणतानाही झालं असेल.

स्वप्न बघायला माझी ना नाही. फक्त स्वप्न बघून झालं की टोपली उचलायची.

तुमच्या घरात, वाडीत, भावकीत अशी कुठली समजूत आहे जी आता तपासायला हवी? कमेंटमध्ये लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल, पण खरं लिहा.