गच्चीवरचं पातेलं

“शनिवारी आमच्याकडे कोजागिरी आहे, या.” ऑक्टोबरात नाशिकच्या कुठल्याही सोसायटीत हे वाक्य ऐकू येतं आणि कुणी पंचांग उघडत नाही. पौर्णिमा मंगळवारी का असेना, कोजागिरी शनिवारी होते, कारण रविवारी मुलांना शाळा नसते. तिथीचं नाव अशा रीतीने घरगुती बैठकीचं नाव झालं. महिला मंडळाची कोजागिरी, ऑफिसची कोजागिरी, आमच्या मजल्याची कोजागिरी. बेत मात्र सगळीकडे एकच: गच्ची, सतरंजी आणि आटवलेल्या दुधाचं पातेलं.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘को जागर्ति?’ म्हणजे ‘कोण जागं आहे?’ आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी हे विचारत फिरते, अशी समजूत. पण जागण्याची हौस लक्ष्मीच्या कथेपुरती नव्हती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाने इतरांसोबत साजऱ्या करायच्या उत्सवांत ‘कौमुदीजागर’ आहे, म्हणजे चांदण्यातलं जागरण. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात चंद्रगुप्त कुसुमपुरात कौमुदी महोत्सवाची आज्ञा देतो, चाणक्य तो परस्पर बंद करवतो आणि त्यावरून दोघांचं लटकं भांडण रंगतं. तेव्हा हा अख्ख्या नगराचा उत्सव होता. गच्चीवर तो पुष्कळ नंतर चढला.

मग त्या रात्री खायचं काय? कमलाकर भट्टांचा निर्णयसिंधु १६१२ चा. पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातल्या या पंडिताने कोजागराचं व्रत नोंदवलं आहे. लक्ष्मीची आणि ऐरावतावर बसलेल्या इंद्राची पूजा करावी, नारळाचं पाणी प्यावं, फासे खेळत रात्र जागवावी. नारळ आणि पोहे देव-पितरांना अर्पण करावेत, त्यांनीच आप्तांना तृप्त करावं आणि स्वतःही तेच खावं. या आज्ञेत दूध नाही, पण पाहुणे आहेत. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. देवाला जे, तेच पाहुण्याला आणि तेच आपल्याला. यजमानाने वेगळी पंगत मांडायची नाही, चार पक्वान्नं करायची नाहीत. न शिजवता देता येतील असे दोन पदार्थ पुरेत.

बंगालमध्ये कोजागरी लक्ष्मीपूजेला आजही नारळाचे नाडू आणि पोहे लागतात. तिथे अंगणात नारळ आहे. देशावर तो बाजारातून आणावा लागतो. नाशिकच्या बाजूला पावसाळा सरता सरता जे घरात मुबलक असतं ते दूध: रानात हिरवा चारा, गोठ्यात व्यालेल्या म्हशी. नारळपाण्याची जागा इकडे दुधाने घेतली, यामागे मला हाच साधा हिशेब दिसतो. त्याला वैद्यकाचीही साथ होती. शरदात पित्त उसळतं, म्हणून चरकसंहिता या ऋतूत गोड, थंड आहार सांगते आणि संध्याकाळच्या पहिल्या प्रहरात चंद्रकिरण अंगावर घ्यायला सांगते. दुधात चंद्राचं प्रतिबिंब पाहून मगच पेला उचलायचा, ही आपली रीत त्या दोन्हींना एका भांड्यात आणते.

पातेल्याची रीतही सांगण्यासारखी. दूध ओतण्याआधी तळाला घोटभर पाणी घालायचं, म्हणजे ते खाली लागत नाही. पाच लिटर चारवर आलं की थांबायचं; आणखी आटवलं तर बासुंदी होते, आणि बासुंदीला वाटी-चमचा लागतो, पाट लागतो, जेवण लागतं. दुधाला फक्त पेला. बदाम-पिस्त्याची भरड, चारोळी, वेलची, जायफळ, कोमट दुधात भिजवलेलं केशर. एवढ्यात वीसेक माणसं होतात. आमच्याकडे प्रत्येक घरातून एक पिशवी दूध येतं आणि सगळं एकाच पातेल्यात पडतं. कुणाचं गाईचं, कुणाचं म्हशीचं, मग ओळखू येत नाही.

पोहेसुद्धा गेलेले नाहीत. पेल्याशेजारी कागदी बशीत चिवडा असतो, आणि नाशिकचा चिवडा म्हणजे आमच्या गावाची शान. हिंदीत ‘चिवडा’ म्हणजे नुसते पोहेच. फाशांच्या जागी भेंड्या आल्या, हाउजी आली.

नगराचा जुना जागर मात्र जिल्ह्यात अजून उभा आहे. त्याच पौर्णिमेला सप्तशृंग गडावर नद्यांचं पाणी घेऊन कावडी पोचतात, त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो आणि राज्यभरातून आलेले तृतीयपंथी भक्त रात्र जागवतात. खाली दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये तेव्हा द्राक्षांची गोडी छाटणी चाललेली असते. दिवसभर कात्री चालवून आलेला माणूस बारापर्यंत जागत नाही. तिथे दूध नऊलाच उकळतं. खानदेशाकडच्या घरांमध्ये गुलाबाईची गाणी याच रात्री संपतात, आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखल्याशिवाय कुणाला मिळत नाही.

आमच्या गच्चीवर दूध वाटण्याआधी आणखी एक काम असतं, आश्विनी. घरातल्या थोरल्या अपत्याला या दिवशी ओवाळतात. माझी थोरली बहीण पन्नाशी ओलांडून गेली, तरी आई तिला पाटावर बसवते, डोक्याला टोपी नाही म्हणून पदर घ्यायला लावते. मी धाकटा. मला ओवाळणी नाही. पण पातेलं रिकामं झालं की त्याच्या कडांना चिकटलेली केशरी खरवड आई उलथन्याने काढते आणि न विचारता माझ्या हातावर ठेवते.